एस्तेर चेऊलकरची वही

“आणि ती वही आता कुठे आहे?”

डॉ. वेंकटाचारींनी हे इतक्या मऊ आवाजात विचारलं की मागच्या रांगांना वाटलं असेल, पंखा कमी करायला सांगताहेत. मी मात्र खुर्चीत होतो तसाच थिजलो. समोर साठेक माणसं. आणि बाहेर व्हरांड्यात, आमचे शिपाई शेळकेमामा वड्यांच्या घमेल्यावर वर्तमानपत्र झाकून उभे.

ही गोष्ट १९८६ च्या मार्चमधली, शुक्रवार दुपारची. आमच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात माझी पीएच.डी.ची व्हायवा चालली होती. व्हायवा खुली असायची, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. नंतरचा चहा आणि वडे उमेदवाराने द्यायचे, हा नियम विद्यापीठाच्या कायद्यात नव्हता, पण कायद्याहून कडक पाळला जायचा. वेंकटाचारी हे बाहेरून आलेले परीक्षक, हैदराबादचे. माणूस सज्जन. मुंगीसुद्धा माफी मागून बाजूला करील असा. त्यांचा प्रश्नही सरळ होता. उत्तरही सरळ होतं, पण ते देता येत नव्हतं.

वही कुठेच नव्हती. कारण एस्तेर चेऊलकर कुठेच नव्हती. ती मी बनवली होती.

आता आधीचं थोडं सांगायला हवं. मी, विश्वंभर हसबनीस, त्या वेळी विभागात हंगामी अधिव्याख्याता होतो. जूनपर्यंत डॉक्टरेट हातात पडली तर कायम, नाही तर घरी. विषय होता, एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या आपल्या माणसांनी इंग्रजीत केलेलं लेखन. माझ्या गाइड कारखानीस मॅडम. त्यांच्यासमोर खडूसुद्धा आवाज न करता लिहायचा. पाच प्रकरणं वाचून त्या म्हणाल्या होत्या, “हसबनीस, सगळे वकील, सगळे मामलेदार. या शंभर वर्षांत एकाही बाईने पेन उचललं नाही?”

“सापडली नाही मॅडम.”

“शोधली नाही म्हणा. बाई नसेल तर हा थिसिस नाही, ही बार असोसिएशनची यादी आहे.”

मी महिनाभर खरोखर शोधलं, देवाशपथ. धूळ खाल्ली, वाळवी पाहिली, एका ग्रंथपालाशी भांडलो. आणि मग एका दुपारी वाचनालयात बसल्या बसल्या एक कविता लिहिली.

कविता मी आधीही लिहायचो. आमच्या विभागात दर गुरुवारी लिहिणाऱ्यांची बैठक भरायची. ज्याने त्याने आपली इंग्रजी कविता वाचायची आणि मॅडमनी निकाल द्यायचा. माझ्या एका कवितेवर त्या म्हणाल्या होत्या, “रजेचा अर्ज म्हणून चांगला आहे. कारण मात्र स्पष्ट होत नाही.” आठ दिवस विभागात लोक मला ‘काय हसबनीस, रजा मंजूर झाली का?’ म्हणून विचारत होते. तेव्हा या नव्या कवितेखाली मी माझं नाव घातलं नाही. घातलं, एस्तेर चेऊलकर. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातली. रेवदंड्याची शाळामास्तरीण. जन्म १८६१.

मॅडमनी ती वाचली. चष्मा काढला. पुसला. परत वाचली.

“किती संयत लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “हसबनीस, हिच्या अजून आहेत?”

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? मी म्हटलं, “दहा आहेत मॅडम.”

थाप मारावी तर अभ्यास करून, असं माझं पहिल्यापासून मत आहे. (विभागात म्हणायचे, हसबनीसने वेळ सांगितली तरी घड्याळ बघून घ्यावं.) एस्तेरच्या प्रत्येक कवितेखाली मी तारीख घातली आणि शंभर वर्षांपूर्वीचं पंचांग काढून वारसुद्धा बरोबर जुळवला. शाईचं, कागदाचं वर्णन त्या काळाला धरून, चंद्राच्या तिथ्यासुद्धा तपासलेल्या. वहीबद्दल तळटीप दिली, ‘रेवदंड्यातील एका गृहस्थांच्या संग्रहात, नाव उघड न करण्याच्या अटीवर पाहावयास मिळाली.’ मॅडम इतक्या खूश की व्हायवाच्या आधी त्यांनी वर्तमानपत्रात लेखच लिहिला. विस्मृतीत गेलेली कवयित्री, सोबत नमुन्याची एक कविता, तारीख-वारासकट, आणि शेवटी खुल्या व्हायवाचं निमंत्रण.

तो लेख छापून आला त्या सकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली. पण तोवर वड्यांची ऑर्डर देऊन झाली होती.

तर, वेंकटाचारी विचारत होते, वही कुठे आहे. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगतोय एवढंच.

“सर, त्या गृहस्थांची अट अशी होती…”

“मी समजू शकतो,” ते म्हणाले. “मला त्यांचं नाव जाहीर नको. या कागदावर लिहून द्या. मी पत्र पाठवीन, वही डोळ्यांनी बघीन आणि आनंदाने सही करीन. तोपर्यंत, क्षमा करा, हे प्रकरण मला पुढे पाठवता येणार नाही.”

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे अभिमानाने बघत होत्या, जणू आता मी नाव लिहीन आणि सामना जिंकीन. मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

“ते गृहस्थ मीच.”

आवाज मागून आला, आणि बाईचा होता. साठ माना एकदम वळल्या. शेवटच्या रांगेत एक म्हातारी उभी राहिली होती. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा. वर्ग गप्प करायची सवय असलेली माणसं जशी उभी राहतात, तशी.

“मी रिबका चेऊलकर. पनवेलला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. एस्तेर माझ्या आजोबांची बहीण.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते टेबलाखाली घरंगळत गेल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. अहो, भूत दिसलं असतं तर मी समजू शकलो असतो. भूत निदान मेलेल्या माणसाचं असतं. इथे जन्मालाच न आलेल्या बाईची नात पुढे येऊन उभी होती!

“नाव सांगायचं नाही, अशी अट मीच घातली होती,” बाई म्हणाल्या. “हसबनीस सरांनी ती इतकी काटेकोर पाळली की मला पुरुष करून टाकलं.”

हॉल हसला. मॅडम हसल्या. वेंकटाचारीसुद्धा हसले. मीही दात दाखवले.

“मग वही तुमच्याकडे आहे?” वेंकटाचारींनी विचारलं.

“आता नाही. धाकटा भाऊ इस्रायलला गेला, त्याच्या ट्रंकेतून गेली. ती ट्रंक तिकडे पोचलीच नाही. सरांनी उतरवून घेतलं तेवढंच उरलं.” बाईंनी कपाळाला बोट लावलं. “आणि माझ्या डोक्यात आहे तेवढं.”

“डोक्यात? म्हणजे या थिसिसमध्ये नसलेली एखादी कविता तुम्हाला येते?”

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. ही कोण बाई आहे देव जाणे, का आली देव जाणे, पण आता हिचंही पितळ उघडं पडणार.

बाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली, हात मागे बांधले आणि म्हणायला लागल्या. स्वच्छ, शाळेतलं इंग्रजी. मराठीत त्याचं पार भरीत होतं, पण साधारण असं होतं:

आमच्या घाण्याचा बैल
सहा दिवस गोल फिरतो.
सातव्या दिवशी त्याला सोडलं
की अंगणात उभा राहतो नुसता,
आणि समोरच्या सरळ रस्त्याकडे बघतो,
कुणाचं तरी काही सांडलंय तिथे, असं.

वेंकटाचारींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कारखानीस मॅडम, ज्यांना मी पंधरा वर्षांत कधी नाकसुद्धा पुसताना पाहिलं नव्हतं, त्या पदराने डोळे टिपत होत्या.

माझी मात्र वेगळीच दातखीळ बसली होती. एस्तेरला मी बनवलं होतं, तिचे अकरा श्वास मीच घेतले होते. ही बारावी कविता माझी नव्हती. आणि ती माझ्या अकराही कवितांपेक्षा चांगली होती. जरा नाही, खूप. माझ्या अकरा कवितांत मिळून नऊ वेळा चंद्र होता.

वेंकटाचारींनी तिथल्या तिथे सही केली. म्हणाले, “मला माफ करा. संशय घेणं हे माझं कामच आहे.” लोक टाळ्या वाजवत वड्यांवर तुटून पडले. मॅडम बाईंकडे निघाल्या होत्या, पण त्यांना अभिनंदन करणाऱ्यांनी घेरलं. तेवढ्यात बाईंनी माझ्या दंडाला धरलं.

“मला बसस्टॉपवर सोड. सूर्य मावळायच्या आत कॅम्पात भाचीकडे पोचायचंय.”

शेळकेमामा ओरडले, “ओ साहेब, वडे निवतायत!” मी म्हटलं, “तुम्ही घ्या मामा, माझाही घ्या.”

आम्ही फाटकाबाहेर आलो. बाई स्टॉपवरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मग परीक्षेच्या पर्यवेक्षकाने कॉपी पकडल्यावर बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“शनिवार,” त्या म्हणाल्या.

“काय बाई?”

“पेपरात आलेल्या कवितेखाली तारीख आहे. बारा जानेवारी १८८४, शनिवार. आणि कवितेत ती पहाटे दिवा लावून, दौत पुढ्यात घेऊन बसलीय.” त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे, कोकणात आम्हाला काय म्हणतात ठाऊक आहे? शनवार तेली. का? तर शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत घाणा बंद. चूल बंद, दिवा लावणं बंद, लिहिणंही बंद. आणि तुझी एस्तेर नेमकी शनिवारी शाई घेऊन बसते!”

“मी… मी पंचांग बघून वार काढला होता.”

“बरोबर काढलास. म्हणूनच पकडला गेलास. नुसती तारीख घातली असतीस तर मलासुद्धा कळलं नसतं.”

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या आजोबांची बहीण…”

“आजोबांना बहीणच नव्हती. पाच भाऊ होते. पाचही तेलाचे व्यापारी. इंग्रजीत सही करायचीसुद्धा मारामार.”

मी बाकाच्या कडेला बसलो. खरं तर पडलोच. विचारलं, “मग तुम्ही आलात कशाला?”

“तुला सगळ्यांसमोर उघडा पाडायला. चांगलं घोकून आले होते. आमचं आडनाव घेतोस, आमच्या माणसांच्या नावावर काहीही खपवतोस. पनवेलपासून एसटीत पुटपुटत होते मी. शेजारची बाई म्हणाली, आजी, जप चाललाय का?”

“मग?”

बाईंनी बस येतेय का पाहिलं.

“तू कविता वाचून दाखवल्यास ना सुरुवातीला, दोन-तीन. बऱ्या नाहीत त्या. खूप चंद्र आहे. पण हॉलमध्ये साठ माणसं गप्प बसून ऐकत होती. चेऊलकरांच्या घरातल्या एका बाईने काय लिहिलंय ते. मी चाळीस वर्षं लिहितेय रे. मासिकांना पाठवते. परत येतात. तुझ्या त्या मॅडमच विभागाचं वार्षिक काढतात ना? त्यांच्याकडून दोनदा परत आल्या. एकदा शेरा होता, ‘हस्ताक्षर सुवाच्य.’”

“बैलाची…?”

“माझी. दुसऱ्यांदा परत आली ती तीच.”

मला मॅडमचा डोळ्यांना लावलेला पदर आठवला.

“तू एक खुर्ची मांडलीस,” बाई म्हणाल्या. “छान सजवलीस, माणसं गोळा केलीस, आणि खुर्चीत कुणीच नाही. ते हैदराबादचे गृहस्थ तीच खुर्ची उचलायला निघाले होते. मला राहवलं नाही. जाऊन बसले.”

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी. ती माझ्या मांडीवर ठेवली.

“तुझ्या अकरा. माझ्या चौतीस. आता सगळ्या एस्तेरच्या.”

मी वही उघडली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. विहिरीवर दोर कापला गेलेली बाई, मुलींना ‘उद्या’ या शब्दाचं इंग्रजी शिकवणारी मास्तरीण, रिकाम्या घरांवरची नावं वाचत जाणारा पोस्टमन. तिसऱ्या पानावर मला पुढचं दिसेना. मी इंग्रजी साहित्य शिकवणारा माणूस, चांगली कविता ओळखायचा पगार घेणारा, आणि ही बाई चाळीस वर्षं सुवाच्य हस्ताक्षरात पनवेलला बसलेली.

“बाई, हे तुमच्या नावाने छापू. मी स्वतः प्रस्तावना लिहितो.”

“माझ्या नावाने? आणि बैलाची कविता? ती आत्ता साठ माणसांसमोर एस्तेरची झाली. उद्या ती रिबका चेऊलकरच्या वहीत निघाली तर तुमचे वेंकटाचारी काय म्हणतील? पहिली तुझी पदवी जाईल.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हॉलमध्ये उभं राहून या बाईंनी काय देऊन टाकलं होतं. एक कविता दिली होती, आणि तिच्या मागोमाग सगळी वही. माझ्यासारख्या माणसासाठी, ज्याला त्या सकाळपर्यंत ओळखतही नव्हत्या.

मी उभा राहिलो. “मी आत जातो. सांगतो वेंकटाचारींना. अजून वडे खाताहेत ते.”

“जा,” बाई म्हणाल्या.

नुसतं ‘जा’ म्हणाल्या. ‘नको’ म्हणाल्या असत्या तर मी कदाचित गेलोही असतो. माझा स्वभावच तसा आहे. पण त्यांनी अडवलं नाही. विभागाचं दार तिथून दोनशे पावलांवर होतं. व्हरांड्यात मॅडम दिसत होत्या, कुणाला तरी हातवारे करून बैलाची कविता सांगत असाव्यात. मला जून महिना दिसला, कायम झाल्याचं पत्र दिसलं, आईचा चेहरा दिसला.

मी बाकावर परत बसलो.

बस आली. चढताना मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, “शाई सांभाळ. पानं जुनी आहेत, पसरते.”

पुढच्या वर्षी आमच्या विभागाने पुस्तक काढलं: एस्तेर चेऊलकर, समग्र कविता, संपादक डॉ. विश्वंभर हसबनीस. पंचेचाळीस कविता. नव्याने उजेडात आलेला भाग ‘कुटुंबीयांच्या स्मरणातून’ मिळाला, असं मी लिहिलं. कारखानीस मॅडमनी त्यावर चौदा पानी लेख लिहिला आणि गुरुवारच्या बैठकीत नव्या मुलांना बजावायला लागल्या, “असं लिहा, नाही तर लिहू नका.” दिल्लीपासून मद्रासपर्यंत परीक्षणं आली. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. चौतीस कविता थोर आहेत. अकरा मात्र कच्च्या, चंद्राळलेल्या, बहुधा कवयित्रीच्या अगदी लहान वयातल्या. एका टीकाकाराने तर, या तिच्या नसाव्यातच, असा संशय घेतला. आयुष्यात मला समजून घेणारा तेवढा एकच समीक्षक भेटला.

प्रत्येक परीक्षणाचं कात्रण मी पनवेलला पाठवायचो. उत्तर यायचं नाही. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मात्र एक पोस्टकार्ड आलं. निळी शाई, सुवाच्य अक्षर.

‘चि. विश्वंभर, कात्रणे पोचली. नव्या आवृत्तीत पहिल्या अकरा गाळाव्यात, असे माझे मत. एस्तेरच्या लौकिकाला त्या बऱ्या दिसत नाहीत. तुझे काय म्हणणे आहे ते कळव. रि. चेऊलकर.’

मी पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्या आजूबाजूने फिरलो. ज्या अकरा कवितांवर मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली, ज्या अकरांखेरीज मी आयुष्यात धड काही लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल माझं म्हणणं काय, असं त्या विचारत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो आणि पहिली सोळा पानं काढायला सांगितली.

कंपोझिटर म्हणाला, “सर, एवढं काढलं तर पुस्तक बारीक होईल.”

“होऊ दे,” मी म्हटलं. “संपादकाचं नाव मात्र राहू दे.”